चौथी हालचाल: धरलेलं मनगट कसं सोडवायचं

कराडच्या बाजारपेठेत मी पिग्मी गोळा करते. संध्याकाळी पाच ते साडेआठ, खांद्याला बॅग, हातात पावतीचं मशीन आणि दुकानादुकानातून पन्नास-शंभराच्या नोटा. कराटे मी त्यासाठी शिकले नाही. मुलीला क्लासला सोडायचे, सुटेपर्यंत बाकावर बसून कंटाळा यायचा, म्हणून छत्तिसाव्या वर्षी पांढरा पट्टा बांधला. मुलीनं दहावीच्या वर्षी सोडलं, मी राहिले. आता पंधरा वर्षं झाली. रविवारी सकाळी बायकांची एक बॅच घेते, चौदा-पंधरा जणी येतात. त्यांना मी सगळ्यात आधी जे शिकवते तेच इथं लिहितेय.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं, एकट्यानं करायच्या हालचालींची मालिका. हेइआन शोदान हा कराटेच्या शोतोकान शैलीत नवशिक्याला शिकवतात तो पहिला मोठा काता. त्यात २१ हालचाली आहेत आणि मिनिटभरात संपतो. सगळ्या हालचाली म्हणजे एक तर ब्लॉक नाही तर पंच. फक्त चौथी हालचाल यात बसत नाही. तिच्यात पुढचा पाय मागे येतो, हात डाव्या खांद्याकडे जातो, मोठा गोल फिरतो आणि मूठ हातोड्यासारखी वरून खाली येते. या माराला तेत्सुई उची म्हणतात. पोरं ही हालचाल दांडिया खेळल्यासारखी उरकतात. मीही कित्येक वर्षं तशीच उरकली. एका परीक्षेत परीक्षकांनी काता मध्येच थांबवला, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "आता करा चौथी." माझा हात जागचा हलला नाही. तपकिरी पट्टा त्या वेळी मिळाला नाही, आणि मिळू नये हेच बरोबर होतं.

काता नीट बघितला तर लक्षात येईल की समोरच्यानं तुम्हाला धरलेलं आहे असं फक्त याच ठिकाणी दिसतं. बाकी सगळीकडे तो हाताच्या अंतरावर आहे. आता धरल्यावर सुटायला गोल का फिरायचा आणि पाय मागे का घ्यायचा, एवढं कळलं की हालचाल आपोआप बसते.

थोडा इतिहास, कारण तो इथं उपयोगी आहे. हा काता ओकिनावाचा. अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळांत कराटे नेलं आणि मुलांसाठी पाच काते बसवले, त्यांना पिनान म्हणत. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला गेले, तिथं त्यांनी पुढे या कात्यांना हेइआन असं जपानी उच्चाराचं नाव दिलं. लिहायची अक्षरं तीच राहिली. पहिल्या दोघांची अदलाबदलही केली, कारण मूळचा पहिला नवशिक्याला जड जायचा. त्यामुळे शितो-र्‍यू किंवा वादो-र्‍यू या दुसऱ्या शैली शिकणारी कुणी मैत्रीण म्हणाली की हा तर आमचा पिनान निदान, म्हणजे दुसरा पिनान, तर भांडू नका, दोघी एकाच कात्याबद्दल बोलताय. शाळेतल्या शंभर पोरांना ओळीत उभं करून शिकवायचं तर कोण कुणाचं मनगट धरणार? धरणं गळालं, गोल तेवढा राहिला. धरणारा आपल्याला परत आणायचाय.

आधी अंगठा शोधा

पाय, पवित्रा, सगळं नंतर. आधी घरात कुणाला तरी समोर उभं करा. तुमचा उजवा हात खाली, पुढे, मूठ वळलेली, मुठीची पाठ वर. समोरच्यानं आपल्या डाव्या हातानं, म्हणजे तुमच्या उजव्या हातासमोर त्याचा जो हात येतो त्यानं, तुमचं मनगट धरावं. घट्ट. लाजून धरू नये.

आता ओढू नका, बघा. त्याचा अंगठा तुमच्या मनगटावरून आलाय, चार बोटं खालून आलीत. अंगठ्याचं टोक आणि बोटांची टोकं जिथं भेटतात किंवा भेटता भेटता राहतात, ती फट तुमच्या शरीराच्या मध्याकडे, डावीकडे तोंड करून आहे. बाहेरच्या बाजूला त्याचा तळवा आहे, तिकडं भिंत. सुटायचं ते या फटीतून. चार बोटांशी भांडण्यापेक्षा एकट्या अंगठ्याशी भांडलेलं परवडतं.

आपण घाबरल्यावर काय करतो? सरळ मागे ओढतो. हे म्हणजे घट्ट बांगडी काढायला हात सरळ खेचण्यासारखं आहे. मनगट बारीक, पंजा रुंद. जितकं ओढाल तितका पंजाचा फुगवटा त्याच्या पकडीत अडकतो, आणि पकड आवळायला त्याला तुमचीच मदत होते. बांगडी आपण साबण लावून, अंगठा आत दुमडून काढतो. इथं साबणाला वेळ नसतो.

हे मी अनुभवानं सांगतेय. कराटे सुरू करायच्या आधीची गोष्ट, एका इमारतीच्या जिन्यात वसुली करून उतरताना एकानं माझं उजवं मनगट धरलं. बॅग डाव्या खांद्याला होती, त्याला बॅगच हवी असणार. मी जीव खाऊन सरळ मागे ओढलं. चार काचेच्या बांगड्या फुटल्या, त्यातली एक मनगटात रुतली, हात काही सुटला नाही. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार वाजलं म्हणून तो पळाला. दोन टाके पडले. रविवारच्या बॅचला म्हणूनच मी काचेच्या बांगड्या काढून ठेवायला सांगते. कुणी तोंड वाकडं केलं की बाही वर करून टाके दाखवते.

कोपर, मग पाय

फट सापडली की मनगटाची अंगठ्याकडची कड तिच्यासमोर आहे ना ते बघा. ती बाजू अरुंद आणि हाडाची असते. वर सांगितल्यासारखी मूठ धरली असेल तर ती आपोआप तिथंच आहे. गेदान बराई, म्हणजे तिसऱ्या हालचालीचा खालचा ब्लॉक, हात नेमका याच स्थितीत आणून ठेवतो. हे कळलं त्या दिवशी मला कात्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

आता कोपर दुमडा. मूठ तुमच्या डाव्या खांद्याकडे निघाली पाहिजे, आणि कोपर मात्र समोरच्याकडेच राहिलं पाहिजे. बहुतेक जणी इथंच चुकतात. मूठ वर येते तसं कोपरही मागे, बरगडीमागे पळतं, आणि मग तेच सरळ ओढणं झालं, फक्त थोडं वर. कोपर त्याच्या पोटाकडे ढकलतोय असं समजा. तुमचा कोपरापासून मुठीपर्यंतचा हात म्हणजे पहार आहे, कोपर पुढे राहिलं की पहारीचं टोक त्याच्या अंगठ्याला फटीतून उचकटतं.

पायाचं काम यानंतर. कात्यात या क्षणी तुम्ही झेनकुत्सू दाचीत आहात: उजवा पाय पुढे, गुडघा वाकलेला, डावा पाय मागे ताणलेला, अंगाचं थोडं जास्त वजन पुढच्या पायावर. दोन पायांत खांद्याएवढी रुंदी हवी, एका रेषेत पाय ठेवलेत तर त्याच्या एका हिसक्याला बाजूला कलंडाल. डावी मूठ कमरेला. उजवी मूठ उजव्या गुडघ्याच्या वर वीतभर.

तिथून उजवा पाय साधारण अर्धं पाऊल मागे ओढा. डाव्या पायाची टाच जमिनीवरून सुटता कामा नये, ती खुंटी आहे. पाय मागे येताना अंग थोडं वर उठतं. माझं वजन ५८ किलो. हाताच्या जोरानं मी गड्याला हरवू शकत नाही, पण ५८ किलो मागे सरकतात तेव्हा त्याच्या एकट्या अंगठ्यावर ते सगळे येतात. अंग मागे जातंय, कोपर मात्र जिथल्या तिथं. म्हणजे कोपर मागे न नेताही, नुसतं दुमडून, मूठ खांद्याशी पोचते.

दोन्ही एकदम झालं पाहिजे. पाय आधी नेलात तर तुम्ही ताठ हातानं ओढताय. हात आधी नेलात तर फक्त दंडाचा जोर. माझ्या बॅचमध्ये मी तोंडानं "हं!" म्हणते, त्या एका हुंकारात पाय आणि कोपर दोन्ही निघतात. मोजून "एक... दोन" केलं की तुटक होतं.

गोल आणि हातोडा

मूठ डाव्या खांद्यापाशी आली, तळव्याची बाजू तुमच्या गालाकडे. बहुतेक वेळा पकड इथं सुटलेली असते. नसेल सुटली तर गोल पुढचं काम करतो: मूठ कानावरून, डोक्यावरून वर जाते तेव्हा त्याचं मनगट अशा कोनात वळतं की बोटांत जोर राहत नाही. स्वतःचं मनगट आत दुमडून मूठ आवळून बघा, पटेल.

मग मूठ वरून खाली. लागते ती करंगळीच्या बाजूची मांसल कड, मनगट आणि करंगळीच्या मधली. मुसळानं उखळात कांडताना जसं मुसळ आपल्या वजनानं पडू देतो तसं पडू द्या, शेवटच्या वीतभरात तेवढी मूठ आवळा. सुरुवातीपासून आवळून ठेवलीत तर खांदा अडतो, मार हळू होतो. मूठ खांद्याच्या उंचीला थांबते, कोपरात किंचित बाक ठेवा. ताठ केलंत तर दुसऱ्या दिवशी कोपर दुखेल आणि माझ्या नावानं बोटं मोडाल.

बायकांना मी पंचाच्या आधी हातोडा शिकवते. पंचात मुठीची पुढची हाडं लागतात, ती नेमकी बसली नाहीत तर करंगळीमागचं हाड मोडतं. मांसल कडेला तशी भीती नाही. लहानपणी दार वाजवताना, चिंचा फोडताना हा मार आपण मारलेलाच असतो.

मारायचं कुठं? सरावात फक्त त्याच्या हाताच्या पुढच्या भागावर, तेही टेकवल्यासारखं. खऱ्या प्रसंगात तो भाग, गळपट्टीचं हाड (गळ्यापासून खांद्यापर्यंतचं आडवं) किंवा नाक, जे समोर येईल ते. गळपट्टीचं हाड नाजूक असतं, सरावात तिथं चुकूनही जोर लावू नका. आमच्याकडे एकीनं हसण्याच्या भरात मैत्रिणीला लावला, महिनाभर ती बिचारी झोळीत हात घालून फिरत होती.

हात सुटला असेल आणि रस्ता मोकळा असेल तर हातोडा मारायचाच असं काही नाही. पळा. ओरडत पळा, माणसं असतील तिकडं. ११२ नंतर लावता येतो. कायद्याचं कुणीतरी विचारतंच, म्हणून: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते. तो सोडून निघाल्यावर मागे धावून हातोडा मारला तर तो बचाव धरला जात नाही.

सराव

एकट्यानं करायचं तर टॉवेल घ्या. खिडकीच्या गजाला कमरेच्या उंचीवर बांधा, दुसरं टोक मनगटाला एकच वेढा देऊन मुठीत धरा. ओढल्यावर अंगात ताण येईल. तो ताण दंडात जाणवला तर चुकलं, डाव्या टाचेखाली जाणवला तर बरोबर. दहा वेळा हळू पुरे. मग डाव्या बाजूनं दहा. कात्यात ही हालचाल उजव्याच हातानं आहे, पण धरणारा काता शिकून येत नाही.

जोडीदारासोबत तीन टप्पे. पहिल्यात त्यानं नुसतं धरायचं, ओढायचं नाही, तुम्ही फट बघून हळू सुटायचं. दुसऱ्यात त्यानं धरून आपल्याकडे ओढायचं. इथं गंमत आहे: तो ओढतोय तर अर्धं पाऊल आधी त्याच्याकडे जा, ओढ सैल पडते, आणि त्या सैल क्षणी कोपर पुढे, पाय मागे. तिसऱ्यात डोळे मिटून उभं राहायचं, तो कधीही, कोणत्याही हातानं धरेल. आता डोळ्यांऐवजी कातडीनं अंगठा ओळखायचा. हे जमायला आमच्या बॅचला सहा-सात रविवार लागतात. आधी मनगटं गोल फिरवून गरम करा, चाळिशीपुढच्या बायकांनी तर नक्कीच. आणि सतरंजीवर सराव नको, पाय अडकतो. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, थंडीत पाय गारठतात पण घसरणं-अडकणं समजतं.

कात्यात परत हे घालताना एक गोष्ट मात्र वेगळी ठेवावी लागते. खऱ्या सुटकेत गोल लहान असतो, मूठ खांद्यावरून गेली की लगेच खाली. कात्यात मोठा काढायचा. मोठ्या गोलात चूक लपत नाही, कोपर पळालेलं लांबूनही दिसतं. पाय ओढून तिथंच ठेवायचा की मार बसताना थोडा पुढे सरकवायचा, यावर वेगवेगळ्या दोजोंत, म्हणजे क्लासांत, वेगवेगळं शिकवतात, तुमच्या सेन्सेईंचं, म्हणजे शिकवणाऱ्यांचं, ऐका. पाचव्या हालचालीला डावा पाय पुढे टाकून डावा पंच येतो. माझ्या मते तो हातोड्यापासून तोडू नये. हातोडा बसला, त्याचा हात खाली गेला, आता दार उघडं आहे, पंच आत. मध्ये थांबून श्वास घेणाऱ्या मुलींना मी विचारते, "तो काय चहाला थांबलाय का?"

आणि उलट्या हाताचं राहिलं. समोरच्यानं त्याच्या उजव्या हातानं तुमचं उजवं मनगट धरलं, आडवं, तर फट बाहेरच्या बाजूला, तुमच्या उजवीकडे जाते. तिथं डाव्या खांद्याकडे ओढून काही होत नाही, तुम्ही त्याच्या तळव्यात ओढताय. तेव्हा मूठ उजवीकडून वर, त्याच्या मनगटावरून फिरवून आत आणायची, कोपर पुन्हा त्याच्याकडेच. कात्याची चौथी हालचाल यासाठी नाही असं मला वाटतं, काही सेन्सेई वेगळं सांगतात. मी धरून बघून ठरवलंय.

हे सगळं मी माझ्या दिरावर तपासते. त्याचं उसाचं गुऱ्हाळ आहे. गुळाच्या ढेपा उचलून उचलून पंजा असा झालाय की नळाची चावी तो कधी सोप्या हातानं बंद करत नाही, नंतर आम्हाला उघडत नाही. पहिल्यांदा त्यानं धरलं तेव्हा मी ओढून ओढून लाल झाले आणि सासूबाई हसून बेजार. कोपर पुढे ठेवायला शिकल्यावर हात सुटला. तो आपल्या पंजाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वहिनी, परत." परत सुटला. सहाव्यांदा त्यानं न सांगता दोन्ही हातांनी एकच मनगट धरलं. तिथं चौथी हालचाल संपते. डावी मूठ कमरेवरून काढून त्याच्या दोन हातांच्या मधून वरून घालायची, आपलीच उजवी मूठ पकडायची, आणि दोन्ही हातांनी अंगठ्यांच्या बाजूनं वर उपसायचं, पाय तसाच मागे. हे कोणत्या कात्यातलं मला सांगता येणार नाही. दिरावर दहात चार वेळा जमतं.